फोटोतला चौथा माणूस

आईला घेऊन निघालो तेव्हा साखर कारखान्याच्या गेटाबाहेरच्या गल्लीत तुम्ही सगळे उभे होतात. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं. डिकीत दोन गाद्या आणि आईचं शिलाई मशीन कोंबून झालं होतं, आणि अजित, माझा नवरा, तिसऱ्यांदा घड्याळ बघत होता. आईला कसली घाई नव्हती. ती एकेकाचा हात हातात घेऊन उभी होती. शेजारच्या कुसुमताई डोळ्यांना पदर लावून होत्या. म्हातारे मुलाणी मामा, कारखान्याचे जुने वॉचमन, काठी टेकत मुद्दाम चालत आले होते. प्रत्येकाला आईने तेच सांगितलं, "लेकीकडं चार दिवस जाऊन येते." मी जमिनीकडे बघत होते. खोल्या सोडल्या होत्या, किल्ली मालकाला देऊन झाली होती. चार दिवसांची गोष्ट नव्हती हे तुम्हालाही माहीत होतं. आईला माहीत होतं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही, कारण तोवर ती विसरायला लागली होती.

हे तुम्हाला लिहायला मला दोन वर्षं लागली. पत्र म्हणा, कबुली म्हणा. कॉलनीत राहिलात त्यांनी वाचा. माझ्यासारखे पुण्याला, दुबईला, कुठे कुठे गेलात त्यांनी तर वाचाच. मी तुमच्याशी वाईट वागले आहे आणि ते तुम्हाला कळलेलंही नाही.

मी स्वतः बंगळूरला आले त्याला बावीस वर्षं झाली. आधी के. आर. पुरमला एक खोली, मग दुसरी, मग हा बनशंकरीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. ऑफिसात इंग्लिश नि हिंदी, रिक्षावाल्याशी 'स्वल्प मुंदे', म्हणजे जरा पुढे, भाजीवाल्याशी 'सरी सरी', म्हणजे बरं बरं, आणि मराठी फक्त अजितशी भांडताना. सुरुवातीला वाटायचं, पाच वर्षं काढू आणि परत जाऊ. मग ते वाटणंही कधी बंद झालं, लक्षात आलं नाही.

आई आली आणि बाल्कनीतल्या खुर्चीत बसली. कॉलनीत ती दारात बसायची, तशीच. फरक एवढाच, की तिकडे जाणारा प्रत्येकजण तिच्याशी बोलून जायचा आणि इथे खाली फक्त गाड्यांचे टप दिसायचे. लिफ्टचं दार वाजलं की ती विचारायची, "वैजे, कोण आलं गं?" मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणायची, "कुणी नाही, आई." दिवसातून वीस वेळा तरी.

हळूहळू ती जास्त विसरायला लागली. जेवली ते विसरायची, अजितचं नाव विसरायची. डॉक्टर म्हणाले, जुने फोटो रोज दाखवा, माणसांची नावं घ्या, जेवढं धरून ठेवता येईल तेवढं ठेवा. ते ऐकलं आणि मी एकदम कामाला लागले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही, काहीतरी विकत आणलं की बरं वाटतं. ठरवलं, आईसाठी छान स्क्रॅपबुक करायचं. मोठी पानं, स्वच्छ फोटो, खाली ठळक नावं.

आयुष्यात कधी असलं काही केलेलं नाही, त्यामुळे पहिला प्रश्न, कापायचं कशाने? घरात होती दुधाच्या पिशव्या कापायची कात्री. तिने जुनं कॅलेंडर कापून बघितलं, तर कड उंदराने कुरतडल्यासारखी. मग अजितचा ब्लेडवाला कटर घेतला, स्टीलची पट्टी धरली. पट्टी निसटली, बोट कापलं, वर डायनिंग टेबलावर हा एवढा चरा. मग इंटरनेटवरचे व्हिडिओ बघितले. त्यातल्या पोरी फोटो कापतात की लोणी, समजत नाही. शेवटी एका शनिवारी मेट्रोने चिकपेटला गेले आणि लग्नपत्रिकांचा कागद विकणाऱ्या एका दुकानात शिरले.

दुकानदार वयस्कर होते, चिडचिड न करता सगळं काढून दाखवत होते. एक लांब दांड्याचा कटर, झेरॉक्सच्या दुकानात असतो तसला. वीस कागद एका दमात कापतो, पण फोटो गुळगुळीत, दांडा खाली येताना तो सरकतो आणि कड तिरकी जाते. एक हँडल फिरवायचं मशीन, त्यातून फुलं आणि बदाम कापून येतात. "ये बच्चों का है, मेडम." आणि तिसरा सरकता ट्रिमर. फोटो पट्टीखाली दाबून ठेवायचा, बोटाएवढ्या डबीत ब्लेड असतं, ती डबी खाचेतून वरून खाली ओढायची. बोट कापत नाही, कड सरळ येते, बाजूला सेंटिमीटर छापलेले असतात. "फर्स्ट टाइम है ना? यही लो." मी तोच घेतला. सोबत जादा ब्लेडं, जाड पानं, फोटो न चिकटवता बसवायचे कागदी कोपरे.

पिशवी हातात देताना ते म्हणाले, "मेडम, ओरिजिनल मत काटना. पहले कॉपी निकालो, कॉपी काटो. स्वल्प टाइम जाएगा, बस." मी म्हटलं, "सरी, सरी." आणि बाहेर पडून विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही. कॉपीवरचं फिकट तोंड आईला दाखवायचं नव्हतं मला. सगळं अस्सल हवं होतं. शहाणपणा, दुसरं काय!

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगते. कॉलनीतल्या जुन्यांना ती माहीत आहे, पोराबाळांना नसेल. आमच्या घरात माणसं तीनच, आई, बाबा आणि मी. आणि तिघांचा फोटो काढायचा नाही, हा आईचा नियम. तिघांतला एक जातो म्हणे. त्यामुळे कॅमेरेवाला समोर उभा राहिला की बाबा मला पिटाळायचे, "वैजू, पळ, कुणाला तरी घेऊन ये." जो दिसेल तो. कुसुमताई पिठाच्या हातांनी यायच्या. मुलाणी मामा टोपी सारखी करत यायचे. कुणीच नसेल तर रस्त्यावरचा माणूस. मला भयंकर राग यायचा. माझी दहावी, माझी पहिली साडी, आणि कडेला कोण? तर कारखान्यात ऊस घालायला आलेला कुणीतरी गाडीवान, दात काढून हसणारा!

म्हणजे आमच्याकडे एकही फोटो असा नव्हता ज्यात आम्ही तिघंच आहोत. होते एकतीस फोटो, आणि प्रत्येकात कडेला एक चौथा माणूस.

तीन रविवार मी कापत बसले. ट्रिमरने फोटो कापायला फार बरं वाटतं हो, हे कबूल करते. पट्टी दाबायची, डबी ओढायची, सर्र आवाज येतो आणि नको ते बाजूला पडतं. कुणी खांद्यापासून गेलं, कुणी पूर्ण गेलं. एका फोटोत कुसुमताईंचा हात माझ्या खांद्यावर होता, तो राहिला, फक्त बोटं. तीही दिसू नयेत म्हणून मी आणखी अर्धा सेंटिमीटर आत कापलं. प्रत्येक पानावर आम्ही तिघं मधोमध, स्वच्छ. खाली नावं लिहिली, आई, बाबा, वैजू. कापलेल्या पट्ट्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

चौथ्या रविवारी सकाळी आईच्या मांडीवर पुस्तक ठेवलं. मनात म्हटलं, आता खूश होईल. तिने पहिलं पान उघडलं. बराच वेळ बघितलं. मग फोटोच्या कडेवरून, अगदी कापलेल्या रेषेवरून, बोट फिरवलं.

"इथं मुलाणी होता," ती म्हणाली.

दुसरं पान. "इथं शेवंता. झाडत होती, खराटा टाकायला निघाली. मीच म्हटलं, राहू दे गं, धर तसाच." तिसरं पान. "हा बीडचा नामदेव. त्याच्या बायकोला तिथंच पाचटाच्या कोपीत मुलगी झाली, मी डिंकाचे लाडू दिले होते." पान उलटत गेली, नावं सांगत गेली. कुणाची सून नांदायला आली नाही, कुणाचं पोर तापाने गेलं, कोण कुठल्या गावचं. ही माझी आई, जिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं! मी ती नावं जन्मात कधी ऐकली नव्हती. तिला धरून ठेवायला जे हवं होतं ते सगळं त्या कडेला होतं.

"कुठं गेली सगळी?" तिने विचारलं.

"कापलं, आई. आपण तिघं नीट दिसावं म्हणून."

"कापलंस?" ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पुन्हा पहिलं पान काढलं, आमच्या तिघांकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "म्हणून गेले होय गं हे?"

बाबा तीन वर्षांपूर्वी गेले होते आणि फोटो मी आत्ता, गेल्या तीन रविवारांत कापले होते. हे मी तिला चारदा समजावलं. तिच्या डोक्यात ते उलटंच बसलं ते बसलं. मी चपला न घालता खाली पळाले. सुक्या कचऱ्याची गाडी आदल्याच दिवशी येऊन गेली होती. निगेटिव्ह आमच्याकडे कधीच नव्हत्या. वर येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

नंतर मी पेन घेऊन बसले. आईला विचारून एकेका फोटोच्या कडेला नाव लिहिलं. अकरा नावं मिळाली. बाराव्या फोटोपाशी ती म्हणाली, "कुणीतरी होतं," आणि दुसऱ्या दिवशी त्या अकरांतलीही चार तिच्या डोक्यातून गेली. म्हणून तुम्हाला विचारते, तुमच्यापैकी कुणाकडे त्यातल्या एखाद्या फोटोची प्रत आहे का? तेव्हा बाबा आलेल्या माणसालाही एक प्रत आवर्जून द्यायचे. असेल तर पाठवा. उशीर झालाय, हे मला माहीत आहे. तरी पाठवा.

गाव सोडलेल्या आपल्या लोकांना वाटतं, घर म्हणजे आईबाप आणि आपण, बाकीची नुसती गर्दी. मी तरी बावीस वर्षं तसंच मानलं. मुलाणी मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. 'वाईट झालं' एवढं टाइप केलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. आता वाटतं, घर म्हणजे जिथे दारातून नुसती हाक मारली की कुणीतरी येऊन फोटोत उभं राहतं ती जागा. माझ्याकडे या शहरात तशी जागा नव्हती.

हे मला कळलं ते आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी. औक्षण झालं, अजितने फोन पुस्तकांना टेकवून टायमर लावला. आई, अजित आणि मी. आई ताडकन उठली. "तिघंच? मी नाही बसणार." अजित माझ्याकडे बघायला लागला. मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. सहा वर्षं समोरासमोर राहतोय, आणि आमच्या बोलण्यात त्या बाईंचं नाव 'फोर झिरो टू'. त्यांनी दार उघडलं. मी हिंदी-इंग्लिशची खिचडी करून समजावलं, आणि त्या हसून, ओले हात पुसत तशाच आल्या. आईशेजारी उभ्या राहिल्या. फोटो निघाला. आईने त्यांचा हात धरला आणि मला विचारलं, "वैजे, नाव काय गं हिचं?"

मला माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर, आईसमोर, मला त्यांनाच विचारावं लागलं. गिरिजा. आईने ते दोनदा म्हणून बघितलं.

तेव्हापासून गिरिजाअक्का रोज संध्याकाळी येऊन बसतात. त्या कन्नडात बोलतात, आई मराठीत, आणि दोघींचं चालतं. तो फोटो मी मोठा करून घेतला, जसाच्या तसा, चारही कडांसकट, आणि आईच्या पलंगासमोर लावला. गेल्या आठवड्यात तिच्या केसांना तेल लावत होते. ती फोटोकडे बघत होती. बोट दाखवत म्हणाली, "हे जावईबापू. ही गिरिजा. ही मी." मग बोट फोटोतल्या माझ्यावर आलं आणि थांबलं.

"आणि ही कोण गं? फोटोपुरती बोलावलेली दिसते."

माझा हात तिच्या डोक्यावरच होता. मी म्हटलं, "हो, आई. हाक मारलीत, म्हणून आली."