सात नंबरचं टोकन

ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. घरात नाही, ऑफिसात नाही. दवाखान्यात बायकोचा, सुलभाचा हात हातात घेऊन अकरा दिवस बसलो होतो — बोलायला वेळच वेळ होता, ती ऐकतही होती — तेव्हाही नाही.

आता आमच्या वकील पागे मॅडम म्हणाल्या, "वसंतराव, असोसिएशनची स्मरणिका काढतोय. तुम्ही सगळ्यात जुने, दोन पानं लिहा." त्यांना वाटलं असेल की मी जुन्या दिवसांची मौज लिहीन. छप्पर कसं गळायचं, पंखा कसा अडायचा. ते दुसरं कुणी लिहील. मी चौथी पास माणूस, मला लिहायला त्रास पडतो. त्रास घ्यायचाच तर खऱ्याचा घेतो. छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची असोसिएशन म्हणजे फौजींचे खटले लढणाऱ्या वकिलांची. कुणाची पेन्शन अडकलेली. कुणाचा पाय गेला, पण कागदावर तो पाय जागचा हललेला नाही. नवरा सरहद्दीवर गेलेल्या बायका, ज्यांना दहा खिडक्यांवरून पुढच्या खिडकीवर ढकललेलं. इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, आणि दर शनिवारी वकील लोक तिथे फुकट बसायचे. महूहून, देवासहून, पार खंडव्याहून माणसं यायची. मी चपरासी. दाराशी रजिस्टरात नाव लिहायचं, पत्र्याचं टोकन द्यायचं, पाणी विचारायचं — एवढंच काम.

पण मी एवढ्यावर थांबणारा नव्हतो. मला कागद कळायला लागले. इंग्रजी येत नसलं तरी कोणता शिक्का कुठला, कोणत्या रंगाचा कागद कुठल्या ऑफिसचा, हे मी दुरून सांगायचो. वकिलांकडे जायच्या आधीच मी ढीग लावायचो. पेन्शन इकडे, जखमी तिकडे, पदकं-बिदकं खाली. वकिलांचा वेळ वाचायचा. लोक मला "छोटे वकील साहब" म्हणायला लागले. नवे पोरगेले वकीलसुद्धा विचारायचे, "वसंत भिया, हे प्रकरण कुठे लागेल?" आणि मी सांगायचो, आणि ते तिथेच लागायचं. खोटी नम्रता मला जमत नाही — मी हुशार होतो. म्हणूनच तर हे झालं.

एक ढीग शनिवारी घ्यायचाच नाही असं ठरलेलं होतं. आम्ही त्याला दो-बीवी म्हणायचो. एक बायको गावी, दुसरी पोस्टिंगवर, आणि फौजी गेला की दोघी आपापला फोटो घेऊन हजर. असलं भांडण आधी दिवाणी कोर्टात सुटावं लागतं. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, "वसंतराव, असं असेल तर दारातूनच कोर्टाकडे पाठवा, उगीच बसवून ठेवू नका." मी पाठवायचो. पुढे पुढे तर तोंड बघूनच ओळखायचो. ओळखायचो असं मला वाटायचं.

त्या शनिवारी बाहेरचं बाकडं भरलेलं होतं. सात नंबरला एक बाई आली, चाळिशीच्या आतबाहेरची. मराठीच. महूच्या अलीकडच्या एका वस्तीतली. कापडी पिशवीत कागद नीट घड्या घालून आणलेले. नाव सांगितलं गोदावरी दत्तात्रय कदम, मी लिहून घेतलं. नवरा फौजेत नायक होता, नोकरीत असताना आजाराने गेला होता. मी कागद बघितले. फौजेच्या कागदावर बायकोचं नाव — सुमन. बाकी राशन कार्ड, वोटर कार्ड, सगळीकडे गोदावरी. आणि फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसातून परत आलेलं पत्र, की नाव जुळत नाही.

मला काय वाटलं असेल? दो-बीवी. दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

गपचूप सांगता आलं असतं. पण बाकड्यावर आठ-दहा फौजी बसलेले, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला बघितलेलं आवडायचं. मी तो कागद वर धरला आणि मोठ्याने हिंदीत म्हणालो, "क्यों बाई, फौजी ने बीवी एक की थी के दो? ये सुमन कहाँ है, घर पे छोड़ आई?"

लोक हसले. खूप नाही, पण हसले.

ती म्हणाली, "बायको एकच केली होती. नावं दोन आहेत."

"सब ऐसेच बोलती हैं," मी म्हणालो.

तिने कागद एकेक करून पिशवीत ठेवले, जशा घड्या होत्या तशाच घड्या पुन्हा घालून. आणि जिना उतरून गेली. टोकन हातातच राहिलं तिच्या. तेव्हापासून आमच्याकडे सहानंतर आठ नंबर आहे. नव्या लोकांना वाटतं सात कुणी पोराने पळवला. मीच सांगितलंय तसं.

आता तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणूस आहे. थांबा. चुकीसाठी मी हे लिहायला बसलेलो नाही.

संध्याकाळी घरी जेवताना मी हा किस्सा सुलभाला सांगितला. हसवायला सांगितला. ती पोळी वाढत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "अहो, मी कोण?"

मी म्हटलं, "मतलब?"

"माझं माहेरचं नाव द्वारका. लग्नात तांदळाच्या ताटात तुम्ही अंगठीने सुलभा लिहिलंत. शाळेचा दाखला द्वारकाचा, राशन कार्ड सुलभाचं. उद्या कुणी मला विचारलं, दुसरी कुठे आहे, तर मी काय सांगू?"

आपल्या लोकांत हे घरोघर आहे. नवऱ्याने नवं नाव ठेवलं, फौजेत तेच कळवलं. तो लवकर गेला, बाई माहेरी आली आणि माहेरच्यांनी पुढचे सगळे कागद जुन्या नावाने केले. एवढी साधी गोष्ट. दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या मुलखाच्या वकिलाला नसती कळली तर चाललं असतं. मी स्वतः ताटात नाव लिहिलेला माणूस. मला कळायला नको होती?

"तिला शोधून आणा," सुलभा म्हणाली. त्या रात्री मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी पागे मॅडमनी विचारलं. महूच्या एका सुभेदारांचा त्यांना फोन आला होता, त्यांनीच बाईला धाडलं होतं. फौजेच्या कागदावरचं नाव त्यांनी सांगितलेलं. मॅडम म्हणाल्या, "वसंतराव, शनिवारी सुमनबाई कदम म्हणून कुणी आली होती का? सोपं काम आहे तिचं, दोन नावं एकाच बाईची असं एफिडेविट करायचं, गावचे दोन साक्षीदार, बस."

नीट ऐका आता. मला सगळं माहीत होतं. ती कोण, कुठली, का आली, का गेली. रजिस्टरात तिचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. मी मॅडमच्या तोंडाकडे बघून म्हणालो, "सुमनबाई? नाही मॅडम. सुमन नावाची कुणी आली नाही."

मॅडमनी रजिस्टर उघडून बघितलं. सुमन नव्हतीच, आणि कदम तर दर शनिवारी दोन-तीन असायचे. त्यांनी मिटलं.

शनिवारी मी तिला दोन बायका केलं ते अडाणीपणाने. सोमवारी केलं ते शहाणपणाने. तिच्या ज्या दोन नावांवर हसलो होतो, त्याच दोन नावांच्या मध्ये मी लपलो. का? तर ती परत आली असती तर मॅडमना सांगितलं असतं मी काय बोललो ते. त्याच वर्षी मला दाराशी टेबल आणि हाताची खुर्ची मिळाली होती. मला छोटे वकील साहब राहायचं होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, नाही सापडलं.

सुलभा रोज विचारायची, म्हणून मी एक दिवस गेलो. बसने गेलो, पत्ता माझ्याकडे होताच. शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये बायका पोळ्या लाटत होत्या, त्यात ती. मी रस्त्याच्या पलीकडे उभा. तिने मान वर केली, मला बघितलं, ओळखलं — मला खात्री आहे ओळखलं. तिने पदर सारखा केला आणि परत लाटायला लागली. बोलावलं नाही, पाठही फिरवली नाही. वीस पावलांचा रस्ता होता. एक वाक्य बोलायचं होतं — बाई, या, मॅडमनी बोलावलंय. मी समोरून आलेली इंदूरची बस धरली.

घरी सांगितलं, "सापडली. कागद लागले तिचे."

आणि एकदा खोटं बोललं की त्याला खाऊ घालावं लागतं. सुलभा विचारायची, कुठवर आलं काम? मी तारखा सांगायचो. मला कामाची सगळी माहिती होती ना — एफिडेविट झालं, रेकॉर्ड ऑफिसला गेलं, तिथून उत्तर आलं. सहा-सात महिन्यांनी म्हटलं, "झाली पेन्शन सुरू." सराफ्यातल्या हलवायाकडून मावाबाटी घेऊन आलो. सुलभाने आधी देवापुढे ठेवली, मग मला दिली. मी खाल्ली.

त्यानंतर ती ही गोष्ट सगळ्यांना सांगायची. हळदीकुंकवाला, नळावर, लग्नात शेजारी बसलेल्या बाईला. "आमच्या ह्यांच्या हातून चूक झाली होती, पण स्वतः गावात जाऊन बाईला शोधून आणली." चूक झाली हे आधी सांगायची, लपवायची नाही. तिला माझा अभिमान त्यासाठीच होता — लोक छोटे वकील म्हणतात म्हणून नव्हे. आमचं लग्न चांगलं झालं. भांडलो, पण चांगलं झालं. त्या चांगल्याच्या आत हे एवढं खोटं होतं, आणि ती त्यावर डोकं टेकून झोपायची.

सुलभा गेली. तेराव्याला शेजारच्या शकूताईंनी तीच गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. सुलभाच्या फोटोशेजारी बसून. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं रडतोय.

मग गॅसचं काम निघालं. कनेक्शन सुलभाच्या नावावर. मरणाचा दाखला आला द्वारकाच्या नावाचा, कारण दवाखान्याने आधार कार्ड बघून लिहिलं, आणि आधार शाळेच्या दाखल्यावरून बनलेलं. विजय नगरला एजन्सीत काउंटरवरची पोरगी कागद बघून म्हणाली, "अंकल, ये तो किसी और लेडी का है. आपकी वाइफ कौन सी है?" ती हसली नाही. चांगली पोरगी होती, मला बसायला खुर्चीसुद्धा दिली. माझ्या मागे चार-पाच लोक उभे होते. मी त्या पोरीला सांगितलं, "बाई एकच आहे बेटा, नावं दोन आहेत." माझ्या तोंडातून ते निघालं, आणि मी कागद एकेक करून घड्या घालून परत घेतले.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या ऑफिसात एफिडेविट झालं. एक कागद. मी चहा पीत होतो, तो संपायच्या आत टाइप होऊन, शिक्का लागून माझ्या हातात आला. मॅडम म्हणाल्या, "एवढंच काम असतं हो, लोक उगीच घाबरतात."

मी तिथून निघून महूची बस धरली. वस्ती आता ओळखू येत नाही, पक्की घरं झालीत. शाळा आहे. शेडमध्ये दुसऱ्या बायका होत्या. एकीला विचारलं, गोदावरी कदम. ती म्हणाली, "गोदाबाई? त्यांना जाऊन दोन वर्षं होतील." मी विचारलं, पेन्शन होती ना त्यांना? ती हातातलं पीठ झटकत म्हणाली, "कैसी पेन्शन, काका? पेन्शन असती तर गुडघे गेल्यावर पण इथे पोळ्या लाटायला आल्या असत्या?" मग तिने विचारलं, तुम्ही कोण त्यांचे. मी म्हटलं, कुणी नाही. ते तेवढं खरं होतं.

आज ऑफिसात जाऊन कपाटातलं ते जुनं रजिस्टर काढलं. उंदरांनी कोपरे खाल्लेत, पण पान शाबूत आहे. टोकन सात, गोदावरी दत्तात्रय कदम. पुढे रकाना आहे — कोणत्या वकिलाकडे पाठवले. सहाच्या पुढे नाव आहे, आठच्या पुढे आहे. सातच्या पुढे कोरं.

मी त्यात लिहिलं: कोणाकडेच नाही. मी दारातून हाकलली. सुमन म्हणजे हीच. बाई एकच.

खाली सही केली, आणि तारीख आजची टाकली.