तीनदा बारा

बाबा गेले त्याच आठवड्यात माझा इंटरचा गणिताचा पेपर होता. घरात सुतक. पुण्याहून इकडे उत्तरेत आलेले काका सकाळी घाटावर क्रियाकर्म उरकायचे आणि परत आले की माझ्याबद्दल बोलायचे, माझ्याशी नाही. सुतकात मुलीनं परीक्षेला जाणं त्यांना पसंत नव्हतं. शेवटी आईनं एवढं ठरवून घेतलं: पास झाले तर इथेच कॉलेजात जाईन. नापास झाले तर पुणं, आणि काकांनी बघून ठेवलेलं स्थळ. माझं मत कुणी विचारलं नाही. मीही दिलं नाही.

निघताना आईनं हातावर दही घातलं नाही, पेनात शाई भरून दिली.

मंगला गौरी देवळाच्या गल्लीतून केंद्रावर कशी पोचले, आठवत नाही. रडू येत नव्हतं. बरेच प्रश्न नुसते वाचून सोडून दिले. मग हे आलं: x³ − 6x² + 11x + 6 = 0, मुळं काढा. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि मला स्वयंपाकघरात. आधी लहान आकडे घालून बघ, म्हणायचे. शून्य आलं की ते मूळ, आणि एक सापडलं की उरलेली दोन भागाकारातून निघतात.

एक घातला. बारा आले. दोन घातले, बारा. तीन घातले, पुन्हा बारा.

म्हणजे तिन्ही वेळा बाराच जास्त. शेवटचे सहा मिळवण्याऐवजी वजा केले की बारा कमी होतात आणि तिन्ही ठिकाणी शून्य येतं. उण्याच्या जागी अधिक छापलं होतं, बस. हॉलमध्ये सगळे कुजबुजत होते, कुणालाच मूळ सापडत नव्हतं. मी उभी राहून चूक सांगितली.

"बोर्ड से ज़्यादा पढ़ी हो? बैठ जाओ," पर्यवेक्षक म्हणाले.

बसले. उत्तरपत्रिकेत लिहिलं: छपाईची चूक, इथे उणे हवं, मुळं एक, दोन, तीन.

निकालात नापास, थोड्याच गुणांनी. वर्गातल्या बाकी सगळ्या पास. परीक्षेच्या कार्यालयात गेले तेव्हा कळलं की चूक त्यांनी कबूल केली होती. तिथल्या कारकून बाबूनं समजावून सांगितलं, अगदी प्रेमानं:

"जिन्होंने छोड़ दिया, उनको पूरे नंबर मिले, बिटिया. तुमने तो कर दिया."

बरोबर केलं म्हणून शून्य का, मी विचारलं. जो छपा है वो तो नहीं किया, म्हणाला आणि पान लावायला लागला.

असल्या लोकांच्या हातात आपली वर्षं असतात. हे मला आज लिहिताना सुचतंय. तेव्हा मी नुसती घरी आले. काकांचं पत्र आलं होतं, तिला पाठवून द्या. आईनं उलट टपाली कळवलं, मुलगी पास झालेली आहे, येणार नाही. मग तिनं मैद्याची खळ शिजवायला घेतली, कारण मी माझं पहिलं पत्रक हातानं लिहायला बसले होते.

वर आधी 'न्याय द्या' लिहिलं. खोडलं. समीकरण लिहिलं, बाबूचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, आणि खाली: एक घालून बघा.

कार्यालयासमोरच्या भिंतीवर पहिलं चिकटवलं. दोघं-तिघं थांबून बोटांवर हिशेब करू लागले. मला तेव्हाही काही वाटलं नाही. मी पुढच्या भिंतीला खळ लावली.