तपासणीच्या रकान्यातली रेघ

आमच्या घरात वहिनीला 'फ्रीज' हे नाव मी ठेवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी दादावर तोंड टाकलं की कोणी म्हणायला नको, ही बाई स्वतः नामानिराळी राहते. बायको जवळ येऊ देत नाही म्हणून दादा आईकडे कुरकुरला होता, आईने ते माझ्या कानात सांगितलं, आणि मी भांडी पुसता पुसता म्हणाले, "म्हणजे फ्रीजच आणलाय की घरात. डबल डोअर." आई हसली, दादा हसला. वहिनी ओट्यापाशी उभी होती, तीही हसली. तिच्या त्या हसण्याची आठवण झाली की आजही माझा हात स्टिअरिंगवर आपटतो.

मी शाळेची बस चालवते. सोळा वर्षं झाली. गाडी चालवते आणि तोंडही चालवते, त्याशिवाय चाळीस पोरं आणि रस्त्यावरचे रिक्षावाले ऐकत नाहीत. वहिनी माझ्या अगदी उलट. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये कामाला आहे. तळघरातली लांबलचक खोली, छतापर्यंत लोखंडी रॅक, आणि त्यात पेशंटच्या फायली. फाइल नावावर नाही, नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांवर लागते, आणि प्रत्येक जोडीला कडेला वेगळ्या रंगाची पट्टी. हरवलेली फाइल शोधण्यात वहिनीचा हात धरणारं कोणी नाही. वरून फोन आला, "फाइल सापडत नाही, पेशंट टेबलावर आहे," की ती उठते, सहाच्या जागी नऊ आणि एकच्या जागी सात बघते, आणि तीन मिनिटांत फाइल ट्रॉलीवर. तिथला पहिला नियम: फाइल लावायची, काढायची, वाचायची नाही. वहिनीने चौदा वर्षांत कोणाची फाइल वाचली नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, एखादी तरी! वेळ कसा जातो तुझा?" तर म्हणाली, "लोकांचं दुखणं असतं त्यात, ड्रायव्हरबाई."

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस चांगला आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतो, डोळ्यांवर ती जड फ्रेम चढवतो, एकेक काच बदलत विचारतो, "आता कसं दिसतंय? हे बरं की आधीचं? घाई नाही, सावकाश सांगा." दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारतो. म्हाताऱ्या माणसांना तर तीन-तीनदा विचारतो. म्हणून तर लांबून लांबून लोक येतात.

तर झालं असं, की एका बुधवारी दुपारी मी पोरं सोडून बस वळवत होते, तेवढ्यात वहिनीने हात केला. तिची दिवसाची ड्यूटी संपली होती. पुढच्या सीटवर बसली, मांडीवर खाकी पाकीट. म्हणाली, "रविवारी वकील घरी येणार आहेत. एका कागदावर मी सही करायची आहे. साक्षीदार म्हणून तू करशील का?"

मला कुणकुण होतीच. दादाला वेगळं व्हायचं होतं. कागदात काय आहे ते तिने सांगितलं, पाठ केल्यासारखं: पत्नी वैवाहिक संबंधांस अनिच्छुक व असमर्थ आहे, हे तिला मान्य आहे. आणि त्याच्याखाली, मुलगी वडिलांकडे राहील. माझी भाची बारा वर्षांची. रात्री आईच्या कुशीत पाय टाकल्याशिवाय अजून झोपत नाही.

"आणि तू सही करणार?"

"खरंच आहे ना ते. मी आहेच तशी. फ्रीज."

मी बस बाजूला घेतली. मागून कोणी हॉर्न मारला, त्याला काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही. मग सहज, खरंच सहज, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "वहिनी, तुला पहिल्यापासून कधी वाटलंच नाही का गं?"

"वाटायचं की," ती म्हणाली. "लग्नानंतर खूप वाटायचं. पोरगी झाली, त्यानंतर दुखायला लागलं. मग गेलं."

"दुखायला? कुठे?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वेडी आहे. मग सांगितलं. बाळंतपणात फाटलं होतं, टाके पडले. दीड महिन्याने दादा जवळ आला तेव्हा कोणी सुरी फिरवावी तसं झालं. पुढच्या वेळेला तेच. मग दादा दिवा बंद करायला उठला तरी तिचं अंग आपोआप आवळून यायचं, दात घट्ट बसायचे. ती बारा वर्षं दात आवळून पडून राहिली. आणि आम्ही तिला थंड म्हणत होतो.

"डॉक्टरला नाही सांगितलंस?"

"हे गेले होते ना. नऊ वेळा गेलो आम्ही. त्याचीच नक्कल आहे ही, वकिलांना हवीये. यांनी रीतसर अर्ज केला, मी काढून आणली." पाकिटावर तिने हात ठेवला. वाचलेलं नव्हतं. तिचा नियम होता. माझा नव्हता. मी पाकीट ओढून घेतलं.

फाइल दादाच्या नावावर होती. का, तर डॉक्टर दादाच्या ओळखीचा, त्याचा चष्मा दादाकडचा. दोघं समोरासमोर बसून बोलायचे, वहिनी कडेच्या स्टुलावर. पहिलं पान. तक्रार: पत्नी सहकार्य करत नाही. तपासणी: तिथे एक आडवी रेघ. उपचार: पत्नीस मन शांत राहण्याची गोळी, रोज रात्री एक. दुसरं पान. तक्रार: पत्नी अजूनही टाळाटाळ करते. तपासणी: रेघ. उपचार: गोळी चालू ठेवणे, पत्नीस मन रमवण्यास सांगितले. नऊ पानं होती. नऊही पानांवर तपासणीच्या रकान्यात रेघ.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. दुखणं हिचं, फाइल त्याची, शब्द त्याचे, आणि गोळी पुन्हा हिच्याच घशात! एका बाईचं अंग नऊ वेळा एका खोलीत येऊन गेलं आणि एकाही शहाण्याने तिला "दुखतं का?" म्हणून विचारलं नाही. माझ्या बसचं टायर जरी आवाज करायला लागलं तरी मेकॅनिक आधी खाली वाकून बघतो. मालकाला विचारून गोळ्या देत नाही. आणि ही बाई त्याच इमारतीच्या तळघरात बसून जगाच्या हरवलेल्या फायली शोधत होती. तिची स्वतःची फाइल तिथे हरवली नव्हती, ती कोणी उघडलीच नव्हती.

"उद्या रजा टाक," मी म्हटलं. "रविवारचं रविवारी बघू."

दुसऱ्या दिवशी मी तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं, एका बाई डॉक्टरकडे. वयस्कर, केस पिकलेले, आवाज माझ्याइतकाच जाड. तिने नवा कागद घेतला, वर वहिनीचं नाव लिहिलं आणि विचारलं, "बोला, काय त्रास होतो?"

वहिनी मग हळूच म्हणाली, "यांना विचारावं लागेल. ते दुकानात आहेत."

"दुखतं त्यांना का?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि लगेच रडू आलं. वहिनीने टेबलावरचा पेपरवेट मुठीत घेतला. मग बोलायला लागली ती थांबेना. डॉक्टरबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. नंतर पडद्यामागे नेऊन, "आता हात लावते, नको वाटलं तर थांबा म्हणा," असं सांगत सांगत तपासलं. मला बाहेर सगळं ऐकू येत होतं. वहिनी दोनदा "थांबा" म्हणाली, आणि दोन्ही वेळा त्या थांबल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी सगळं साध्या भाषेत सांगितलं. टाक्यांच्या जागी कडक वण राहिलाय, त्याने पहिल्यांदा दुखलं. दुखण्याच्या धास्तीने आतले स्नायू आवळायला शिकले, आता ते तुमचं ऐकत नाहीत. दूध पाजत होतात तेव्हा कोरडेपणा असतो, त्यात भर पडली. आणि जिथे दर वेळी दुखतं तिथे इच्छा कशी राहील? शरीर शहाणं आहे, ते पळ काढतं. मग त्यांनी पाकिटातल्या पानावर गोळीचं नाव वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही किती वर्षं घेताय?" "नऊ." "हिने कित्येकांची इच्छा कमी होते. हे कोणी सांगितलं नाही?"

इच्छा कमी म्हणून इच्छा कमी करणारी गोळी! मी खुर्चीवरून उठलेच. "बसा," डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "राग मलाही आलाय, पण गोळी एकदम बंद करायची नाही. एकदम सोडली की त्रास होतो. हळूहळू कमी करू." थायरॉइडची आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. वणाला मलम, कोरडेपणाला जेल. आणि एका फिजिओथेरपिस्टबाईंचा पत्ता, त्या आवळलेले स्नायू सैल करायला शिकवतात: श्वास, व्यायाम, मग स्वतःच्याच बोटाने, अगदी सावकाश, दुखायच्या आत थांबायचं. नवऱ्यालाही एकदा बोलवा, असं सांगितलं. आणि तोपर्यंत संबंध अजिबात नाही. "बरं होतं हे," त्या म्हणाल्या. "वेळ लागतो, पण बहुतेकींचं बरं होतं."

जिन्यावर वहिनी खाली बसली. "बरं होतं म्हणाल्या," एवढंच परत परत म्हणत होती. बारा वर्षं गेली त्याचा हिशोब तिने मागितला नाही. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड होत होता.

रविवारी दादाच्या बैठकीच्या खोलीत आम्ही बसलो. वकील, दादा, आई, वहिनी आणि मी. भाचीला शेजारी पाठवलं होतं. वकिलाने पेन पुढे केलं. वहिनीने ते घेतलं नाही. खाकी पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्यावर आपल्या नव्या फाइलचा एकच कागद ठेवला.

"हे मोठ्याने वाचा," ती दादाला म्हणाली.

दादाने चष्मा लावला. "तक्रार: संबंधाच्या वेळी तीव्र वेदना, बारा वर्षे. तपासणी..." तिथे पुढे सहा ओळी होत्या. तो दुसऱ्या ओळीवर थांबला.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"दुखलं त्या पहिल्याच रात्री सांगितलं. तुम्ही म्हणालात, सवय होईल. दुसऱ्यांदा सांगितलं, तुम्ही कूस बदललीत. तिसऱ्यांदा मी नाही सांगितलं." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "असमर्थ मी नाही. या कागदावर मी सही करणार नाही. वेगळं व्हायचं असेल तर होऊ, पण खरं लिहून. आणि मुलगी माझ्याकडे राहील."

आई म्हणाली, "अगं, बाईच्या जातीला थोडंफार सोसावंच..." आणि तिथे माझा तोल सुटला. "आई, एक अक्षर बोलू नकोस! आपण दोघी हिला फ्रीज म्हणून हसलो. त्याची मला लाज वाटते, तुला वाटत नसेल तर निदान गप्प बस." आई पदराशी चाळा करत बसली. मग मी दादाकडे वळले. "दुकानात काच बदलताना परक्या माणसाला विचारतोस ना, हे बरं की आधीचं? घरात एकदा विचारलं असतंस तर जीभ झडली असती?"

वकिलाने कागद बॅगेत घातले.

वहिनी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये दोन खोल्या घेऊन राहायला गेली, भाचीसकट. गोळी चार महिन्यांत सुटली. फिजिओथेरपिस्टकडे दर शनिवारी मीच सोडायचे, रिकाम्या बसमधून, आणि ती मागे बसायची नाही, पुढे माझ्याशेजारी बसायची. एकदा सिग्नलला म्हणाली, "आज अजिबात दुखलं नाही गं." नंतर एकदा, खिडकीबाहेर बघत, अगदी लाजून म्हणाली, "परवा रात्री मला खूप दिवसांनी छान स्वप्न पडलं." मी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं, उगाचच. डॉक्टरबाईंनी दादाला तीनदा निरोप पाठवला, तो गेला नाही. दुकानात कामाचा रगाडा आहे म्हणे.

मग परवा तो आला. भाचीचा नवा चष्मा घेऊन, क्वार्टर्सच्या दाराशी. मी आत भाजी निवडत बसले होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. चष्मा दिला, जरा घुटमळला, आणि मग विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं त्याने.

"दुखतं का अजून?"

"नाही," वहिनी म्हणाली. "बरं झालं. आता इच्छाही होते."

दादा हसला. त्याने चप्पल काढली आणि एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला.

"तुमच्याबद्दल नाही," वहिनी म्हणाली. त्याचा पाय बाहेर जाईपर्यंत ती थांबली, दार लावलं, आणि पोरीला हाक मारली, चष्मा लावून बघ म्हणून.