भरलं की थांबायचं

पंगतीत भाताचा वाढपी आला की आमच्या शेजारच्या बाई पानावर हात आडवा धरायच्या आणि म्हणायच्या, "भरलं! आता थांबा." नळाखालची घागर भरली तरी तेच. भूमच्या बाजारात भाजीवालीनं वर मूठभर मिरच्या टाकल्या तरी तेच. पुरेसं म्हणजे किती हे नेमकं कळणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

बाई कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या, मी तिथंच ऑफिसात. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे आमच्याकडे काय शिजतंय आणि काय बिनसलंय, दोन्ही त्यांना कळायचं.

एकदा माझ्या छातीत गाठ लागली. धाकट्याचं दूध नुकतंच तोडलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "दुधाची गाठ हाय, शेकली की जिरंल." मी रोज गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकत बसायची. बाईंनी ते पाहिलं.

"दुखतंय का गं?"

"न्हाय बाई, अजिबात न्हाय."

"मग तर लगेच दाखवायची."

त्या ओट्यावर टेकल्या आणि विळीनं कापलेलं आपलं बोट पुढं केलं. "कापलं की आजूबाजूच्या पेशींना हाका जातात, वाढा, वाढा. वाढीचे घटक म्हणतात त्यांना. जखम भरली की हाका थांबतात. वयात येताना, बाळंतपणात छातीतही अशाच हाका जातात. पण एखादी पेशी बिघडते. नको इतकी दारं उघडून ऐकत बसते, न्हायतर स्वतःच हाक मारते अन् स्वतःच ओ देते. तिला भरलं ते कळतच न्हाय. सुरुवातीला बहुतेक दुखतसुद्धा न्हाय, नुसती वाढत असते. तुझी तशीच हाय असं न्हाय म्हणत मी. पण शेकून ते कळायचं न्हाय."

मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "आक्का, तो शेक तुमच्या गुडघ्याला द्या. हिला मी सोलापूरला नेते."

गाठ कॅन्सरचीच निघाली. पण लहान होती. ऑपरेशन झालं. तपासणीत त्या पेशींवर खरंच अशी दारं जास्त सापडली, म्हणून ती अडवणारी इंजेक्शनं सुरू झाली. दर खेपेला बाई सोबत. एसटी खच्चून भरली की कंडक्टरला म्हणायच्या, "भरलं! आता थांबा." तो आणखी माणसं कोंबायचा. "ह्याचीबी पेशी बिघडली," बाई माझ्या कानात पुटपुटल्या. आजार कळल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

माझा धाकटा आता शाळेत जातो. बाई गेल्या वर्षी झोपेतच गेल्या. त्यांची फार आठवण येते.

परवा माझंही बोट विळीवर कापलं. हळूहळू भरून आलं, आता नुसती पुसट रेघ उरलीय. आज स्वयंपाक करताना मी त्या मधल्या भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "भरलं, बाई."

पलीकडून कुणी "आता थांबा" म्हणालं नाही.