गावदेवीचा सांगावा

पाळी गेली तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले होते. आता सणवार, पूजा, कशालाच अडचण नाही. दर मंगळवारी डोंबिवलीतल्या आमच्या गावदेवीच्या थेट गाभाऱ्यापर्यंत जायचे. काही वर्षे सुखात गेली आणि पुन्हा रक्त दिसू लागले. घाबरले, पण कोणाला सांगितले नाही. सवयीने विटाळ धरला आणि देवळात जाणे बंद केले. देवी रुसली असेल, आपलेच काही चुकले असेल, हेच डोक्यात घोळत राहिले. डॉक्टरकडे जावे हे सुचलेच नाही, याचे आज हसू येते.

एका मंगळवारी राहवेना, म्हणून फाटकाबाहेरूनच हात जोडून उभी होते. दर्शन घेऊन परतणारी एक आगरी आजी थांबली. ओळख ना पाळख. "भायेर कं उबी गो बाय?" मला रडूच कोसळले आणि नवऱ्याला न सांगितलेले सगळे तिला सांगून टाकले. ती तडकलीच. "पाली जाऊन वरसां झाली ना तुजी? मंग ह्यो इटाल नाय, दुखनं हाय. चल आत, पाया पर, नि उद्याच डॉक्टरीन गाठ." हाताला धरून तिने मला देवीसमोर उभे केले.

कल्याणला सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली. ठाण्याला ऑपरेशन होऊन गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये काढली. तपासणीत कर्करोगच निघाला, ग्रॅन्युलोसा नावाचा, फार थोड्या बायकांना होणारा. डॉक्टरबाई खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "अहो, ही गाठ स्वतःच हार्मोन तयार करते, म्हणून रक्त गेलं. नाहीतर इतक्या लवकर कळलं नसतं. गाठ न फुटता अख्खी निघालीय, केमो लागणार नाही. पण तपासणी चुकवू नका, हा आजार बऱ्याच वर्षांनीही परत येऊ शकतो." जे मी विटाळ म्हणून लपवत होते, तो देवीचा सांगावा होता असे मी मानते. कोणी मानले नाही तरी माझी तक्रार नाही.

आजी आता नेहमी भेटते. देवीनेच तुम्हाला धाडले म्हटले की खो खो हसते. "मना कोन धारतंय! माजं गुडगं दुखत व्हतं, म्हनून थांबले."

तपासणीच्या आदल्या दिवशी अजूनही भीती वाटते. पूर्वी देवीला म्हणायचे, काही वाईट होऊ देऊ नकोस. आता म्हणते, आई, जे असेल ते वेळेवर दाखव. पुढचे डॉक्टरांचे, त्याच्याही पुढचे तुझे. आणि खरोखर झोप लागते.