ओव्याची पुरचुंडी आणि चिखलदऱ्याचा सूर्य

आईची पहिली नोकरी चिखलदऱ्याच्या शाळेतली. तिथे तिनं सहा वर्षं काढली आणि शाळेशेजारच्या कड्यावरून दिसणारा हिवाळ्यातला सूर्य तिच्या मनात पक्का बसला. आता दम्यामुळे ती अमरावतीच्या घराबाहेर फारशी पडत नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी थंडी वर्ज्यच केली आहे. ‘तो सूर्य एकदा फोटोत दाखव,’ एवढंच तिचं मागणं. तीन हिवाळे मी कॅमेरा घेऊन गेलो आणि तीनही वेळा धुक्याचे फोटो घेऊन परतलो. यंदा तिनं जुनी पत्रं फाडली, लुगडी वाटून टाकली. ही आवराआवर मला निरोपाची वाटली. मी पुन्हा निघालो.

निघताना तिनं ओव्याची पुरचुंडी हातात कोंबली.

‘छातीले लावजो. थंडी लय पडून रायली.’

पन्नाशीच्या माणसाला हे! मी चिडून ती बॅगेत टाकली.

सकाळी घाई नको म्हणून चिखलदऱ्याच्या मुक्कामात कॅमेरा रात्रभर गाडीतच ठेवला होता. त्या हुशारीवर मी खूशही होतो. कड्यावर पोचलो तर समोरचं झाड दिसेना. शेजारच्या टपरीवर दोन चहा झाले. मग एकदम वारा सुटला, धुकं फाटलं आणि लाल कोर वर आली. बटण दाबलं, तर कॅमेरा गप्प. जुनी बॅटरी गाडीत गारठली होती आणि दुसरी घरीच राहिली होती. मी डोकं पिटत बॅग उपसली तशी पुरचुंडी खाली पडली.

चहावाल्या मावशींनी ती उचलली. ‘डोकं कावून पिटून रायले भाऊ? शेकून देतो ना हे.’

त्यांनी ती तव्यावर शेकून दिली. बॅटरी त्या गरम पुरचुंडीशी धरून मी मूठ आवळली. दोन-तीन मिनिटांनी कॅमेरा जागा झाला. सूर्य हातभर चढला होता, पण होता! तीन फोटो निघाले आणि पुन्हा सगळं पांढरं झालं. मी तिथेच दगडावर बसलो आणि चक्क रडलो.

घरी आईनं फोटो बराच वेळ पाहिले.

‘पुरचुंडी लावली होती?’

‘हो,’ मी खोकला दाबत म्हणालो.

‘सूर्य बरा आला. शाळेचं छप्पर कुठी हाय पण? पुढच्या साली जरा डाव्या अंगानं काढजो.’

पुढच्या साली! मला खरं हायसं वाटलं ते तेव्हा.