आबा धुक्यातून परत आले तेव्हा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाशी मी धंदासुद्धा करत नाही. असा माणूस मालाबद्दलही थापा मारतो, हा माझा अनुभव. तरीही आज लिहितोय, कारण एका माणसाने रियाधभर माझी बदनामी केली आहे. त्याची बाजू सगळ्यांनी ऐकली... माझी कोणी विचारलीच नाही.

मी रत्नागिरीकडचा. मामाच्या ओळखीने लहान वयात केनियाला गेलो. गॅरेजमध्ये हातपाय काळे केले, मग सफारीच्या गाड्या चालवल्या, मग गाईड झालो. तिथून सौदीला आलो. अब्हाशेजारच्या खमीस मुशैतला स्पेअर पार्ट्सचं दुकान कफीलच्या, म्हणजे सौदी मालकाच्या, नावावर असलं, तरी उभं मी केलं. गुरुवार-शुक्रवार सुट्टीला रियाध-जेद्दाहची आपली कुटुंबं अब्हाच्या डोंगरात फिरायला येत, त्यांना माझ्या जुन्या जीएमसी गाडीतून माकडं दाखवायला नेत असे. तिथली ती करड्या आयाळीची बबून माकडं तांबड्या समुद्राच्या पलीकडे आफ्रिकेतही असतात. त्यांना बघितलं की मला जुना गाववाला भेटल्यासारखं वाटायचं.

२००० नंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. बदनामी करणारा तो माणूस म्हणजे प्रशांत, रियाधला बँकेत आयटीत होता. सोबत बायको, मुलगी सई, आणि पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आलेले त्याचे वडील, आबा. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचा माणूस त्यांना सावलीसारखा दिसायचा.

“मग डोंगर बघायला कशाला आलात आबा?” मी विचारलं.

“थंड हवा खायला डोळे लागत नाहीत रे,” ते हसून म्हणाले. माणूस लगेच आवडला.

प्रशांत मात्र सकाळपासून कटकट करत होता. “सलीमभाई, एवढ्या लांब आणलंत आणि नुसती माकडं?”

“बिबट्या हवा असेल तर त्यालाही अपॉइंटमेंट घ्यावी लागते साहेब. माझ्याकडे त्याचा नंबर नाही.” वहिनी हसल्या. तो हसला नाही.

असरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान होऊन गेली होती. घाटाच्या एका वळणावर गाडी उभी होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला अरअरची, म्हणजे ज्युनिपरची, झाडं आणि खाली तिहामाच्या किनारपट्टीकडे उतरणारी दरी. माकडांचा कळप रस्त्यावर आमची केळी खात होता. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. आबा म्हणाले, लघवीला जाऊन येतो. प्रशांत त्यांना आडोशाला म्हणून झाडांपाशी सोडून परत गाडीजवळ आला.

आणि माकडं गप्प झाली.

ज्याने जंगल पाहिलं नाही त्याला हे कसं सांगू? माकड भ्यालं की ओरडतं. बिबट्या दिसला तर अख्खा कळप भुंकतो. मला शिकवणारा म्हातारा केनियन गाईड म्हणायचा, जनावरं ओरडतायत तोवर बिनधास्त चहा पी, सगळी एकदम गप्प झाली तर आधी काच वर घे. त्या माकडिणींनी पोरं पोटाशी घेतली, केळी तिथेच टाकली आणि आवाज न करता कडा चढून गेल्या. नर पण पाठोपाठ. एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

“आत बसा,” मी म्हटलं. “सगळे. यल्ला!”

“आबा यायचेत अजून...”

सगळ्यांना आत कोंबून दार लावतोय तोच तो आवाज आला. तो कानाने ऐकू येत नाही, आधी छातीत लागतो. सीट थरथरते. मग कुठून आला ते कळत नाही, सगळीकडूनच येतो. वर्षानुवर्षं मी तो ऐकला आहे. सिंहाचा.

“पप्पा, व्हॉट वॉज दॅट?” सई रडायला लागली.

“जनरेटर असेल,” प्रशांत म्हणाला. पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग तो दाराकडे झेपावला, “आबा!” म्हणून ओरडत. मी दारं लॉक केली.

“उघड! माझा बाप आहे बाहेर!”

“आणि आत तुझी पोरगी आहे! दार उघडलंस तर हात तोडीन!”

होय, असंच म्हणालो. माझं डोकं तापलं की तोंडावर ताबा राहत नाही. पण एका हाताने त्याची कॉलर धरून दुसऱ्या हाताने मी हेडलाइट लावले आणि हॉर्न दाबून धरला, आबांना दिशा कळावी म्हणून. हे तो कोणाला सांगत नाही. गाडी झाडांच्या दिशेने इंच इंच पुढे घेतली, हेही सांगत नाही. पुढे दरीचा काठ होता, धुक्यात तो दिसत नव्हता.

मग उजेडात आबा दिसले. अगदी दरीच्या काठाकाठाने, सावकाश चालत येत होते. डावा हात बाजूला काढलेला, तळवा खाली, कठड्यावर टेकवावा तसा. कमरेखाली सगळं धुकं. रस्त्याला लागल्यावर ते थांबले, त्या हाताने दोनदा थोपटल्यासारखं केलं, आणि एकटेच गाडीकडे आले.

मी दार उघडून त्यांना आत ओढलं.

“अरे हो, हो! वाट चुकलो होतो. कुणाचा तरी कुत्रा आहे बघ. त्याच्या पाठीवर हात ठेवून आलो. फार गुणी.”

गाडीत वास भरला. वहिनींनी पदर नाकाला लावला. मी आबांचा तळवा हुंगला... वाळलेलं गवत, कच्चं मांस आणि बोक्याच्या मुताचा तो उग्र दर्प. आफ्रिकेत पिंजऱ्यातल्या, जखमी, मेलेल्या सिंहांपाशी घेतलेला वास. गाडी वळवली ती थेट अब्हाला थांबवली.

दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन आलो. सगळा खडक, ठसा कसला उमटणार? माकडं मात्र त्या वळणावर पुढे कित्येक दिवस फिरकली नाहीत. केळी टाकून पाहिली, सडून गेली. दुकानाशेजारचा म्हातारा असीरी, त्या डोंगरातच वाढलेला, म्हणाला, या डोंगरात सिंह त्याच्या आजाच्या आजानेही पाहिला नव्हता.

प्रशांतने रियाधला सांगितलं, गाईडने दारं लॉक करून माझ्या आंधळ्या बापाला बाहेर मरायला सोडलं. येणारी कुटुंबं बंद झाली. मग काही महिन्यांनी त्याचाच फोन. आबा भेटेल त्याला सांगत होते की आपल्याला वाट दाखवणारा तो कुत्रा नसावा, सिंह असावा, आणि लोक हसत होते.

“तुम्ही एकदा सगळ्यांसमोर म्हणा की तो कुत्रा होता. मी दाराचं बोलणं सोडून देतो. डील?”

आयुष्यभर मी समोरून आलेल्या प्रत्येक ऑफरवर घासाघीस केली आहे. त्या दिवशी केली नाही. “नाही” म्हटलं आणि फोन ठेवला. खलास. दुकान चालू राहिलं, सफारी संपली.

त्यानंतर पुण्याहून आबांचा फोन आला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती.

“सलीम, आता सगळं स्वच्छ दिसतं रे. सोसायटीतली कुत्रीसुद्धा. सगळ्यांना हात लावून पाहिला.”

“बरं झालं आबा.”

“बरं कसलं? कुत्र्याच्या पाठीला हात लावायचा तर मला वाकावं लागतं. तिथे मी वाकलो नव्हतो.” “तू इतकी वर्षं जंगलात काढलीस. तूच सांग, कोण होतं ते?”

मी फोन कानाशी ठेवून डावा तळवा कमरेशी आडवा धरून पाहिला; सिंहाची पाठ बरोबर तिथे येते.